घराला किती घालावं

सकाळी साडेसहाला मी काशीत बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसले होते, तेव्हा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, कोटेशन आलंय. साडेचौदा लाख. स्वयंपाकघर सगळं नवीन, दोन्ही बाथरूमच्या टाइल्स, हॉलला फॉल्स सीलिंग आणि खाली इटालियन मार्बल. हिचं म्हणणं, एकदाच करायचं तर नीट करू. तुला काय वाटतं?"

समोर पलीकडच्या वाळूवरून सूर्य वर येत होता. मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते."

भावाचा फ्लॅट बत्तीस वर्षांच्या इमारतीत आहे. दोन वर्षांपासून सोसायटीच्या प्रत्येक सभेत पुनर्विकासाचा विषय निघतो आणि पुढच्या सभेवर जातो. स्वयंपाकघराच्या छताला पावसाळ्यात ओल येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोटेशनमध्ये त्या ओलीबद्दल एक ओळ नव्हती. फॉल्स सीलिंगने ती झाकली जाणार होती, एवढंच.

मी ज्या पायऱ्यांवर बसले होते त्यांच्या डोक्यावर एक जुनी, भव्य वास्तू आहे. बालाजीचं मंदिर तिच्यातच. काशीच्या या भागात मराठ्यांनी अठराव्या शतकापासून पैसा ओतला. पेशव्यांशी जोडलेला हा घाट पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे आला. इथल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ तरुणपणी सनईचा रियाज करत. ज्यांना २००१ मध्ये भारतरत्न मिळालं, त्यांचा सूर या दगडांत घासून तयार झाला. असं असूनही ही वास्तू हळूहळू मोडकळीला आली. इतकी, की 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड' या संस्थेने धोक्यात असलेल्या जगभरातल्या वास्तूंच्या २०१२ च्या यादीत बालाजी घाटाचं नाव घेतलं. त्यानंतर जतनाचं काम झालं.

अशा वास्तू कशा पडतात, हे कळायला मोठं शास्त्र लागत नाही. गच्चीचा उतार बिघडतो. पन्हळ तुंबते. पाणी साचून सांध्यातला चुना विरघळायला लागतो. तिथे कावळ्याने टाकलेलं पिंपळाचं बी रुजतं. रोप बोटभर असतं तेव्हा उपटायला दोन मिनिटं लागतात. दहा वर्षांनी त्याची मुळं दगडाला दगडापासून वेगळं करतात आणि मग लाखांची भाषा सुरू होते. मधल्या दहा वर्षांत कुणालाच ते रोप आपलं वाटत नाही. मालक दूर असतो, भाडेकरू म्हणतो घर माझं नाही, वारस म्हणतात आधी वाटणी होऊ दे. घराच्या किमतीच्या मानाने खर्च किती करावा, हा प्रश्न आपण विचारतो. पण वेळेवर केलेल्या खर्चाचा आकडा इतका लहान असतो की त्याची कुठल्याच किमतीशी तुलना करायची वेळ येत नाही.

तिथून मी दक्षिणेकडे, प्रवाहाच्या उलट चालत निघाले. गंगा इथे उत्तरेकडे वाहते. ग्वाल्हेर घाट, जटार घाट, राम घाट, अमृतराव पेशव्यांशी जोडलेला गणेश घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट. मराठी माणसाला हे चालणं म्हणजे आपल्याच इतिहासाची वही चाळल्यासारखं होतं. शेवटी शिंदे घाटावर थांबले.

हा घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमाराला बांधायला घेतला. कागलच्या घाटग्यांची ही लेक, दौलतराव शिंद्यांची पत्नी, त्यांच्या मागे ग्वाल्हेरचा कारभार पाहणारी. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही त्यांनीच १८२८ मध्ये उभारला. शिंदे घाटावर त्यांनी हात आखडता घेतला नाही. दगडावर दगड, भव्य बुरूज, रुंद पायऱ्या. आणि तो सगळा भार खालच्या मातीला पेलला नाही. घाट खचला. पुढे, विसाव्या शतकात, तो नव्याने बांधावा लागला. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वराचं देऊळ आजही मागे पाठ टेकल्यासारखं कललेलं उभं आहे. वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. लोक सांगतात, कुणी एकाने आईच्या ऋणातून मोकळं व्हायला ते बांधलं, आणि "फिटलं ऋण" म्हणताच देऊळ कललं. कथा खरी असो नसो, तिच्यात एक मर्म आहे: किती घातलं म्हणजे फिटलं, हे ठरवायचा हक्क घालणाऱ्याकडे नसतो. तो जमिनीकडे असतो.

अर्ध्या तासाच्या चालण्यात मला दोन घाट दिसले. एकावर वेळेवर थोडं घातलं गेलं नाही. दुसऱ्यावर एकदम पुष्कळ घातलं गेलं, पण पाया त्या मानाचा नव्हता. भावाचं साडेचौदा लाखांचं कोटेशन यातल्या कुठल्या घाटाचं, हे मला दिवसभर टोचत राहिलं. खरं म्हणजे ते दोन्ही घाटांचं होतं. ओल तशीच ठेवून वर संगमरवर.

हिशेबाच्या बाजूने आधी बघू. समजा, शेजारच्या विंगमधला तसाच फ्लॅट ऐंशी लाखांना गेला. भावाने साडेचौदा लाख घातले म्हणून त्याच्या फ्लॅटला साडेचौऱ्याण्णव येतील का? येणार नाहीत. घेणारा माणूस इमारतीचं वय, रस्ता, लिफ्ट, पार्किंग आणि शेजारी काय भावाने गेलं ते बघतो. तुमच्या आवडीच्या मार्बलसाठी दोन-तीन लाख जास्त दिले तरी पुष्कळ, आणि त्यातही अर्धे लोक घरात शिरताच आधी ते स्वयंपाकघर उखडून स्वतःच्या मनासारखं करतात. वस्तीला जो भाव आहे, त्याच्या फार वर एकटं घर जात नाही. जुन्या मंडळींना हे आकडे न मांडता कळत होतं. "आळीत उठून दिसेल असं घर बांधू नये," असं माझी आजी म्हणायची. तिला नजर लागण्याची भीती होती. मला वाटतं, त्या भीतीच्या आत एक चांगला हिशेब होता.

पुनर्विकास होणार असेल, तर गणित आणखी बदलतं. महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ ला सरकारने पुनर्विकासाचे निर्देश काढले. एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, सभा, निविदा, सगळी रीत त्यात आहे. त्या रीतीत तुमच्या सदनिकेचं चटई क्षेत्र मोजतात. ओट्यावरचा ग्रॅनाइट कुणी मोजत नाही. ज्या दिवशी इमारत रिकामी होते त्या दिवशी पाच वर्षांपूर्वीचं लाकूडकाम आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं कपाट एकाच ट्रकमध्ये जातात. कोथरूडमध्ये, एरंडवण्यात असे ट्रक मी पाहिलेत. पॉलिश न उतरलेले दरवाजे त्यांत असतात.

मुंबईने तर दुरुस्तीच्या खर्चाला कायद्यातच मर्यादा घातली. शहरातल्या जुन्या, पागडीच्या चाळी आणि इमारती कोसळायला लागल्यावर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. तेव्हा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. रहिवाशांनी उपकर भरायचा, मंडळाने दुरुस्ती करायची. पण दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा ठरलेली. त्यावरचा खर्च रहिवाशांनी सोसायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरायची. मला या कल्पनेचा आदर वाटतो. कधी थांबायचं, हे आधी ठरवून ठेवणं घरखर्चात आपल्याला जमत नाही. सुतार आला की इलेक्ट्रिशियन येतो, इलेक्ट्रिशियनने भिंत फोडली की रंगारी येतो, आणि "आता एवढं केलंच आहे तर" या वाक्यावर आकडा दीडपट होतो. मला भावालाही हीच भीती सांगायची होती. साडेचौदा लाख हा सुरुवातीचा आकडा असतो. कामाला हात घालण्याआधी वरची मर्यादा कागदावर लिहावी, आणि जुन्या इमारतीत भिंतीमागे काय निघेल ते सांगता येत नाही म्हणून त्यातलाच थोडा भाग बाजूला ठेवावा.

करांच्या बाजूचंही दोन ओळींत सांगून टाकते, कारण या गोष्टी घर विकायच्या वेळी आठवतात आणि तोवर बिलं हरवलेली असतात. घर विकताना भांडवली नफा मोजतात तेव्हा घरात कायमची भर घालणारा खर्च खरेदीच्या किमतीत मिळवता येतो. रंगासारखी नेहमीची डागडुजी त्यात धरत नाहीत. म्हणून बिलं जपावीत. आणि राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते. साडेचौदा लाखांच्या कर्जाचं व्याज त्याच्या कितीतरी पुढे जातं.

दुपारी मी काकूंकडे जेवायला गेले. दुर्गाघाटाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा भाग पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबांचा. त्यांची मराठी आपल्या कानाला जुनी वाटते आणि तिच्यात बनारसी शब्द सहज येतात. घर तीन मजली, मधे चौक, भिंती दोन हातांहून रुंद, आत लखौरी विटा. या विटा चपट्या, पातळ असतात. त्या चुना आणि सुरखीत बसवलेल्या.

मी विचारलं, "काकू, एवढ्या जुन्या घराला दर वर्षी किती घालता तुम्ही?"

"पैशाचं नंतर सांगते. आधी चूक सांगते," त्या म्हणाल्या, आणि मला खालच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीचा खालचा चार फूट भाग खरवडलेला होता. त्यावर ताज्या चुन्याचा गिलावा, अजून पूर्ण न वाळलेला.

सासऱ्यांच्या काळात त्या भिंतीला लोणा लागला होता. कुणीतरी सांगितलं, सिमेंट मारा, पक्कं काम होईल. मारलं. चांगला गुळगुळीत हात फिरला, वर ऑइल पेंट आला. दोन वर्षं खोली आरशासारखी होती. मग लोणा सिमेंटच्या वर, कमरेच्या उंचीला निघाला. त्यावर आणखी सिमेंट. मग तो खांद्याच्या उंचीला. "सिमेंट फोडलं तेव्हा मागची वीट हातात पिठासारखी आली," काकू म्हणाल्या. "पैसे घालून वीट खाल्ली आम्ही."

याचं कारण साधं आहे. नदीकाठची जमीन ओली. जुनी भिंत ती ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत सोडून देते. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच वर चढते, बरोबर क्षार नेते, आणि क्षारांचे खडे होताना ते विटेलाच फोडतात. सिमेंट विटेपेक्षा कडक, त्यामुळे तुटायची वेळ आली की वीट तुटते. शेवटी सगळं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायला पहिल्या कामाच्या कितीतरी पट खर्च आला. घराच्या किमतीच्या मानाने तो पहिला खर्च जास्त होता का? मुळीच नव्हता. आकडा अगदी माफक होता. घराच्या स्वभावाच्या मानाने तो चुकीचा होता. प्रमाणाचा विचार करताना आपण एवढंच बघतो की किमतीच्या किती टक्के. हे घर कशाचं आहे, कुठल्या मातीवर आहे, त्याला किती दिवस उभं राहायचंय, हे विचारायचं राहून जातं.

काकूंच्या घराची गोष्ट भावाच्या फ्लॅटहून आणखी एका बाबतीत वेगळी आहे. गंगेच्या काठापासून २०० मीटरांच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. दुरुस्तीलाही परवानगी लागते. इथे कुणी विकासक येऊन सात मजले चढवणार नाही. जे आहे ते सांभाळलं तर घर, नाहीतर ढिगारा. म्हणून इथे गच्चीवर घातलेला रुपया पुढच्या पन्नास वर्षांचा असतो, आणि पुण्यात पाडायच्या यादीतल्या इमारतीच्या हॉलमध्ये घातलेला रुपया कदाचित पाच वर्षांचा. रुपया तोच. मला वाटतं, खर्च करण्याआधी स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हाच: हे घर किती वर्षं असंच राहणार आहे, आणि आपण त्यात किती वर्षं? मुलं शाळेत असतील, पंधरा वर्षं इथेच राहायचं पक्कं असेल, रोज दोन वेळचा स्वयंपाक जिथे होतो ते स्वयंपाकघर नीट करावंसं वाटत असेल, तर ते विकून परत मिळणार नाही म्हणून करू नये असं मी कधीच म्हणणार नाही. वहिनी त्या अंधाऱ्या ओट्यावर बावीस वर्षं उभी राहिली आहे. तिच्या पाठीला आणि डोळ्यांना बरं वाटेल असा ओटा आणि वर नीट दिवा, ही चैन नाही. मार्बलशिवायही तो होतो, आणि बऱ्याच कमी पैशांत होतो.

"दर वर्षी काय करता?" मी पुन्हा विचारलं.

"पूर उतरला की एक काम. एकच."

पुराचं इथे सगळ्यांना पाठ असतं. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरवर गेलं होतं, तो आजवरचा मोठा पूर. पण धोक्याची पातळी न गाठताही नदी दर पावसाळ्यात घाटांच्या पायऱ्या गिळते, एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट बंद होते, आणि ओसरताना ढोपरभर गाळ ठेवून जाते. मग पंप लावून, नदीचंच पाणी मारून, तो गाळ पुन्हा नदीत लोटतात. आठवडेच्या आठवडे हे चालतं. या कामाने घाटाची शोभा आदल्या वर्षापेक्षा तसूभर वाढत नाही. आदल्या वर्षी जी पायरी होती तीच परत मिळते. शहर वर्षानुवर्षं हा खर्च करतं, आणि तो थांबला तर घाटच राहणार नाही.

काकूंचं "एक काम" त्याच जातीचं. एका वर्षी गच्चीची दर्जबंदी. एका वर्षी पन्हळी. एका वर्षी जुनी वायरिंग काढली. यंदा ही भिंत. पिंपळाचं रोप तर दसऱ्याच्या आधी घरातल्या मुलांनीच शोधायचं, ज्याला सापडेल त्याला मलइयोचे, म्हणजे इथल्या दुधाच्या फेसाळ मिठाईचे, पैसे. मलइयो थंडीत मिळते, म्हणून बक्षीस दोन महिने उधार राहतं.

संध्याकाळी भावाला फोन केला. मी त्याला विचारलं, "तुमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं?" आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तो थांबला. म्हणाला, "झालं असेल. मला माहीत नाही." मी म्हटलं, तो अहवाल सेक्रेटरींकडून आधी बघून घे. छतावरची ओल कुठून येते ते शोध. वरच्यांच्या बाथरूममधून येत असेल तर त्यांच्याशी बोल, गच्चीवरून येत असेल तर सोसायटीला पत्र दे. वायरिंग तपासून घे. बत्तीस वर्षांपूर्वी तिच्यावर एक फ्रिज आणि चार पंखे होते, आता दोन एसी आहेत. हे झाल्यावर वहिनीला बसवून विचार, तिला रोज नेमकं काय नडतं.

"आणि मार्बल?"

"पुनर्विकासाच्या सभेत मत कुणीकडे झुकतंय ते कळेपर्यंत थांब."

"हिला कसं सांगू?"

"तिला फोन दे. मीच बोलते."

वहिनीशी बराच वेळ बोलले. मार्बलचा विषय तिने काढलाच नाही. तिला हवी होती ओट्याची उंची, खिडकीची एक्झॉस्ट आणि भांडी घासायला जरा खोल सिंक. मार्बल भावाचाच होता.

फोन ठेवला तेव्हा काकू वर गच्चीत हाक मारत होत्या. अंधार पडायच्या आत त्यांना एक बघायचं होतं. गिलावा करणाऱ्या कारागिराने परवा गच्चीच्या एका कोपऱ्याचा उतारही दुरुस्त केला होता, पैसे उद्या द्यायचे होते. त्यांनी नातवाकडून बादलीभर पाणी आणवलं आणि गच्चीच्या मध्यावर सावकाश ओतलं. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. पाणी आधी पसरलं, क्षणभर कुठे जावं ते ठरत नसल्यासारखं थबकलं, मग एका बाजूने बारीक धार निघाली, जुन्या फरशीच्या सांध्यावरून वळसा घेऊन पन्हळीकडे गेली. नातू वाकून खाली गल्लीत बघायला लागला.

"पडलं का रे?" काकूंनी विचारलं.

"पडलं, आजी."

त्यांनी आणखी एक बादली मागवली.